म्हाताऱ्या वेलीची वाइन आणि नागपूरचं ऊन

नागपुरात वाइन शॉपमध्ये शिरून खरोखरच वाइन मागितली, की काउंटरवरचा पोरगा क्षणभर गोंधळतो. पाटीवर 'वाइन', फळ्यांवर व्हिस्की आणि रम, फ्रिजमध्ये बिअर. वाइनच्या बाटल्या असतात, पण एकदम वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला टेकलेल्या, नाहीतर शोभेला म्हणून काचेच्या खिडकीत. माझी पहिली महागाची ऑस्ट्रेलियन बाटली अशाच एका खिडकीतली होती. महिना मे. दुपारी तीन वाजता घेतली, अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत टाकली, वाटेत दोन कामं उरकली आणि रात्री चार मित्रांसमोर मोठ्या ऐटीत उघडली. पहिला घोट घेऊन एकानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "काऊन बे, काढा उकळून आणला काय?"

तो चुकत नव्हता. वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. बूच काढताना ते बाटलीच्या तोंडापेक्षा जरा वर आलेलं दिसलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळत नव्हता. पुढची काही वर्षं अशाच चुका करत जे हाती लागलं ते इथे लिहितो. वाइन नव्यानं पिऊ लागलेल्या आणि या गावात राहणाऱ्या माणसासाठी हे आहे. पुण्यातल्या माणसाला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

आधी नावाचा घोळ

लेबलवर 'ओल्ड व्हाइन' लिहिलेलं असतं आणि आपण ते 'ओल्ड वाइन' असं वाचतो. व्हाइन म्हणजे वेल. जुनी आहे ती वेल. वाइन दोन-तीन वर्षांपूर्वीचीही असू शकते. त्यामुळे 'जुनी आहे ना, मग अजून दहा वर्षं मुरू दे' म्हणून ती कपाटात कोंबायची गरज नाही. नागपूरच्या कपाटात तर मुळीच नाही.

उष्ण प्रदेशातली जुन्या वेलींची रेड वाइन म्हटलं की सगळ्यात आधी नाव निघतं ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीच्या शिराझचं. शिराझ ही काळ्या द्राक्षाची जात, आणि तिच्या वाइनचंही तेच नाव. अ‍ॅडलेड शहरापासून गाडीनं तास-सव्वा तासावरचा हा भाग. १८४२ पासून सायलेशियातून आलेली जर्मन ल्युथरन कुटुंबं इथे वसली आणि त्यांनी द्राक्षं लावली. लँगमील नावाच्या वायनरीकडे शिराझचा एक तुकडा आहे, त्याची लागवड १८४३ ची सांगतात. टर्की फ्लॅटची १८४७ ची. हिशेब लावून बघा: त्या काड्या जमिनीत गेल्या तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. आपलं राज्य खालसा झालं, गिरण्या आल्या, गिरण्या बंद पडल्या. त्या वेली अजून फळ धरतात.

त्या कशा टिकल्या, हे काटोल-वरुडकडच्या संत्रावाल्याला एका वाक्यात समजेल. आपण संत्रा थेट त्याच्या मुळावर लावत नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधतो, म्हणजे मूळ एका झाडाचं आणि वरचं कलम दुसऱ्याचं, आणि डिंक्या रोग फार सतावू लागला की रंगपूर लिंबाचा खुंट घेतो. द्राक्षातही तेच झालं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाचा मुळं शोषणारा बारका किडा युरोपात पोचला आणि त्यानं तिथले मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. त्यावर इलाज सापडला तो एकच: अमेरिकी वेलीचा खुंट आणि वर युरोपी डोळा. ऑस्ट्रेलियात हा किडा व्हिक्टोरिया प्रांतातल्या जिलाँगजवळ सापडला १८७७ साली, म्हणजे आपल्याकडे एम्प्रेस मिल सुरू झाली त्याच वर्षी. पण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियानं वेली आणि माती आत येऊ देण्यावर कडक बंदी घातली आणि किडा तिथे पोचलाच नाही. म्हणून बरोसातल्या जुन्या वेली आजही स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. माझी भाची अ‍ॅडलेडला असते. ती सांगते, मळ्यात शिरण्याआधी पाहुण्यांच्या बुटांची माती अजूनही तपासतात.

या जुन्या वेलींवर दुसरं संकट आलं ते सरकारी. १९८० च्या दशकात शिराझला कोणी विचारेना, द्राक्षं उदंड झाली, तेव्हा सरकारनंच वेली उपटायला पैसे दिले. शंभर वर्षांची झाडं खोडासकट निघाली. पीटर लेहमन, रॉकफर्डचे रॉबर्ट ओ'कॅलघन, चार्ल्स मेल्टन अशा तिथल्या काही वाइनवाल्यांनी त्याच काळात जुन्या वेलींची द्राक्षं घेत राहायचं ठरवलं, म्हणून उरलेल्या उरल्या.

आता जरा स्पष्ट बोलतो. वेल म्हातारी आहे म्हणून वाइन चांगली, असं काही नसतं. म्हातारी वेल घोस कमी धरते, मुळं खोल गेलेली असतात, पावसानं ताण दिला तरी ती पटकन बिचकत नाही, आणि माल कमी असल्यानं रस दाट उतरतो, हे खरं. पण मला पटतं ते कारण वेगळंच आहे. दीडशे वर्षांत जो तुकडा वाईट माल देत होता तो कोणीतरी कधीतरी उपटलाच असणार. राहिला तो चांगला होता म्हणून राहिला.

लेबल वाचायला शिका

'ओल्ड व्हाइन' या शब्दांना बहुतेक देशांत कायद्याचा आधार नाही. कोणीही छापू शकतो. म्हणून त्या शब्दांच्या आसपास काय लिहिलंय ते बघायचं. बरोसावाल्यांनी २००९ मध्ये स्वतःपुरती एक प्रतवारी केली: ३५ वर्षांवरची वेल 'ओल्ड', ७० वरची 'सर्व्हायव्हर', १०० वरची 'सेंटेनेरियन' आणि १२५ वरची 'अँसेस्टर'. यातला नेमका शब्द किंवा लागवडीचं साल बाटलीवर असेल तर काहीतरी ठोस आहे असं समजा. नुसतं सोनेरी अक्षरात 'ओल्ड व्हाइन्स' आणि मागच्या बाजूला कवितेसारखा मजकूर असेल, तर किंमत बघून ठरवा.

'बरोसा व्हॅली' आणि नुसतं 'बरोसा' यात फरक आहे. 'बरोसा'मध्ये शेजारची, उंचावरची आणि जरा थंड ईडन व्हॅलीही येते. 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया' लिहिलं असेल तर द्राक्षं अर्ध्या देशातून कुठूनही आलेली असू शकतात. पिण्यात काही वाईट नाही, पण म्हाताऱ्या वेलीची गोष्ट तिथे संपली. जातीचं, प्रदेशाचं किंवा सालाचं नाव लेबलवर टाकायचं तर किमान ८५ टक्के माल त्याचा हवा, असा ऑस्ट्रेलियाचा नियम आहे. साल बघताना एक लक्षात ठेवा: तिकडे तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणजे २०२१ ची ऑस्ट्रेलियन बाटली २०२१ च्या फ्रेंच बाटलीपेक्षा सहा महिन्यांनी मोठी.

बरोसा परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर स्पेनची गार्नाचा आणि कॅलिफोर्नियातल्या लोडाय भागाची झिनफँडेल बघा; याही काळ्या द्राक्षांच्याच जाती. उष्ण हवा आणि जुन्या झुडूपवजा वेली दोन्हीकडे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या बाटलीवर 'सर्टिफाइड हेरिटेज व्हिनयार्ड्स'चा शिक्का दिसला तर त्यावर लागवडीचं साल छापलेलं असतं, आणि वेल किमान ३५ वर्षांची असल्याशिवाय तो शिक्का मिळत नाही. इतका सरळ पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

आपल्या नाशिकच्या शिराझचं काय? ती जरूर घ्या, पण तिच्याकडून म्हाताऱ्या वेलीची अपेक्षा करू नका. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोपच मिळत नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. वर्षभर वेल राबते आणि लवकर थकते. बरोसातली वेल हिवाळाभर पानं टाकून गप्प उभी असते.

विकत घेणं

पहिला नियम महिन्याचा. महागाची वाइन नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्यायची. कारण फक्त दुकान नाही. ट्रक, गोदाम, टेम्पो, सगळंच आलं. एप्रिल-मेमध्ये बाटली नागपुरात पोचेपर्यंत तिनं काय काय सोसलं असेल ते दुकानदारालाही माहीत नसतं. या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेलेत. २०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले तेव्हा यंत्र बिघडल्याचा खुलासा झाला, पण खुलासा येईपर्यंत आमच्या गल्लीत कोणाला तो आकडा खोटा वाटला नव्हता.

दुकानात गेल्यावर बाटली हातात घ्या. खिडकीतली आणि दिव्याखालची नको म्हणून सरळ सांगा, 'खोक्यातली काढून द्या' म्हणा. मग तीन गोष्टी बघा. बूच बाटलीच्या तोंडाशी सपाट आहे का. वर आलं असेल तर आतली वाइन तापून फुगली होती. मानेवरून चिकट ओघळ आलाय का. आला असेल तर ठेवून द्या. पातळी मानेत आहे की खांद्यापर्यंत उतरली आहे. ऑस्ट्रेलियन बाटल्यांना पुष्कळदा फिरकीचं झाकण असतं. त्याला हलकं समजू नका. आपल्या हवेत मला तर तेच बरं वाटतं. ओपनर शोधायला नको आणि बूच वाळायची भीती नाही.

किंमत का चढी असते, तेही सांगतो. आयात वाइनवर आपल्याकडे १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, तेव्हा ५ अमेरिकी डॉलरच्या वर आयात किंमत असलेल्या बाटलीवर ते १०० टक्क्यांवर आलं आणि १५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ वर. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ पर्यंत उतरायचं आहे. त्यावर राज्याचे कर वेगळे. म्हणजे महागाच्या बाटलीला सूट जास्त. दोन पायऱ्यांच्या सीमेवर घुटमळत असाल तर वरची घेण्यात शहाणपण असू शकतं.

वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवानाही लागतो; १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली तरतूद आहे ती. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, आजन्म परवानाही काढता येतो. आपण हसण्यावारी नेतो, पण नागपूरकरांनी नेऊ नये, कारण शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. समृद्धी महामार्गानं नाशिककडून वायनरीतून दोन बाटल्या घेऊन निघालात की नागपूरच्या आधी वर्ध्याची हद्द लागते. इकडे बुटीबोरीच्या पुढे मित्राच्या शेतावर पार्टी असेल तर शेत कोणत्या जिल्ह्यात आहे ते आधी विचारा. गडचिरोलीचंही तसंच.

घरी नेताना डिकी नको. स्कूटरची डिकी इंजिनाच्या डोक्यावर असते. अर्ध्या तासात आतला चॉकलेटचा पुडा पातळ होतो, मग वाइनचं काय. ओल्या टॉवेलात गुंडाळून पायाशी पिशवीत ठेवा आणि वाटेत दुसरं काम काढू नका.

घरी कुठे ठेवायची

पुस्तकात लिहितात: १२ ते १५ अंश, अंधार, बाटली आडवी. नागपुरात वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर असा कोपरा नाही. डेझर्ट कूलर लावलेली खोली मेमध्ये दिवसा तीसच्या खाली क्वचित येते, आणि रात्री कूलर बंद केला की भिंती साठवलेली उष्णता परत द्यायला लागतात.

म्हणून माझा उपाय साधा आहे. हिवाळ्यात घेतलेली बाटली होळीच्या आत संपवायची. उरलीच तर नेहमीच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्याशेजारी आडवी टाकायची. फ्रिजमध्ये वाइन खराब होते असं कोणीतरी सांगेलच. वर्षानुवर्षं ठेवली तर बूच कोरडं पडतं, हे बरोबर. पण मार्च ते जून चार महिने फ्रिजची थंडी आणि चार महिने ४० अंशांचं कपाट यातलं एक निवडायचं असेल तर यात विचार करण्यासारखं काय आहे? वीज जाण्याची भीती असेल तर बाटली थर्माकोलच्या खोक्यात घालून त्याच कप्प्यात ठेवा.

खरी गोष्ट: गार करणं

या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांची खोली १६ ते १८ अंशांची होती. दगडी घर, थंड देश. आपली खोली ३२ ची. त्यात बरोसाची शिराझ मुळात १४.५-१५ टक्के अल्कोहोलची. तापल्यावर आधी अल्कोहोलच नाकात जातो, फळ मागे राहतं आणि जीभ पोळते. वाइन उत्तम असूनही आपल्याला वाटतं, 'आपल्याला नाही बुवा जमत.'

बरोसाला 'उष्ण प्रदेश' म्हणतात, यावर नागपूरकर हसेल. तिथे ऐन जानेवारीत दिवसाचं सरासरी कमाल तापमान तिशीच्या आसपास असतं. एखादे दिवस चाळिशी ओलांडते, पण रात्री गारवा येतो, आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे तीस अंश हा जुलैतला आनंदाचा दिवस.

तर आता कृती. स्वयंपाकघरात मिठाईसाठी वापरतात तसा थर्मामीटर असेल तर छान, नाहीतर वेळेवर चालवा. ३२ अंशांच्या खोलीत ठेवलेली बाटली साध्या फ्रिजमध्ये सतरापर्यंत यायला माझ्याकडे सव्वा ते दीड तास लागतो. घाई असेल तर बादली: अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मान बुडेल इतकं. दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचू नका. बर्फाचे खडे काचेला इथे-तिथेच टेकतात, पाणी सगळीकडून धरतं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बूच बाहेर किंवा बाटली फुटलेली, दोन्ही पाहिलंय.

बाटली आधीपासून फ्रिजमध्येच असेल तर उलटा हिशेब. ती ५ अंशांवर आहे; एवढी थंड शिराझ नुसती तुरट लागते, कोरा चहा गार झाल्यासारखी. मेच्या रात्री बाहेर काढून वीस-पंचवीस मिनिटं टेबलावर ठेवली की जमतं. पेल्यातही ती पाच मिनिटांत दोन-तीन अंश वर चढते, म्हणून जरा थंडच ओता आणि पेला अर्ध्यापेक्षा कमी भरा. बाटली परत बादलीत. पेल्यात बर्फ मात्र नको, कितीही आग्रह झाला तरी.

पटत नसेल तर एकदा हा प्रयोग करा. एकाच बाटलीतून दोन पेले भरा. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर. अर्ध्या तासानं डोळे बंद करून कोणाला तरी द्यायला सांगा. माझ्या बायकोनं, जिला वाइनमध्ये काडीचा रस नाही, गारवाला पेला नाकाशी नेऊन म्हटलं, "जांभूळ." दुसरा नाकाशी नेला आणि म्हणाली, "हे नेलपॉलिश काढायचं पाणी." एकच बाटली होती.

उघडणं, ओतणं

जास्त काही नाही. तरुण दाट शिराझ तासभर आधी उघडून काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली तर मोकळी होते. जग झाकून फ्रिजमध्ये ठेवा. आठ-दहा वर्षांची बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करा, तळाशी गाळ बसतो, शेवटचे दोन घोट सोडून द्या. हौसेनं पितळेच्या गडव्यात ओतू नका. वाइन आंबट आहे, कल्हई गेलेली असेल तर चव आणि पोट दोन्ही बिघडेल. स्टील चालतं, पण रंग दिसत नाही. पेला पातळ काचेचा, तोंडाशी निमुळता, एवढं पुरे.

तोंडात काय शोधायचं

परदेशी वर्णनांत ब्लॅकबेरी, मलबेरी, लिकरिश असतं. त्यांपैकी तुती सोडली तर आपल्या नाकाच्या ओळखीचं काय आहे त्यात? आपली यादी आपण करायची. पिकलं जांभूळ तर पहिल्या वासातच येतं. मग करवंद, काळे मनुके, खारीक. लाकडाच्या पिंपातून लवंग आणि व्हॅनिला; बरोसात अमेरिकन ओकची पिंपं वापरायची जुनी रीत आहे आणि त्या लाकडातून सुक्या खोबऱ्याचा वास उतरतो. काही बाटल्यांत निलगिरी येते. मळ्याच्या कडेला निलगिरीची झाडं असतील तर त्यातलं तेल हवेतून द्राक्षावर बसतं. आणि एकदा एका जुन्या बाटलीत मला मोहाची वाळलेली फुलं सापडली, तो गोडसर, थोडा धुरकट वास. भंडाऱ्याकडचा एक मित्र समोर होता. त्यानं न विचारता तेच सांगितलं, म्हणून लिहायचं धाडस करतोय.

काळे मिरे हा शिराझचा खास गुण. त्यामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे, मिऱ्यात असतं तेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शिराझमध्ये ओळखलं. थंड भागातल्या द्राक्षात ते जास्त, उष्ण भागात कमी. म्हणून बरोसात मिऱ्यापेक्षा जांभूळ वरचढ. इराणच्या शिराझ शहराशी मात्र या द्राक्षाचा संबंध नाही. १९९८ मध्ये डीएनए तपासून आई-बाप सापडले ते फ्रान्समधल्या माँदूझ ब्लांश आणि दुरेझा या दोन जाती.

म्हाताऱ्या वेलीचं लक्षण कुठे दिसतं? वासात फार नाही. घोट गिळल्यावर. जिभेच्या कडांना तुरटपणा ओढतो, पण ओरबाडत नाही, आणि चव मिनिटभर तोंडात रेंगाळते. नाशिकची शिराझ शेजारी ठेवून एक-एक घोट घेतलात तर हा फरक कळतो. नुसतीच पिऊन कळणं कठीण.

जेवणाचं बघा

इथे मी गावाची नाराजी ओढवून घेणार आहे. सावजीबरोबर ही वाइन नको.

सावजी मटणाचा तो काळसर रस्सा, वर तर्री, पहिल्या घासाला घाम आणि दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. त्यावर १५ टक्क्यांची वाइन म्हणजे विस्तवावर फुंकर. मिरची जिभेवरचा जो संवेदक चेतवते तोच ४२ अंशांच्या आसपास 'भाजलं' म्हणून सांगतो, आणि अल्कोहोल असलं की तो खूप आधीच, चौतीसच्या आसपासच बोंब मारायला लागतो. म्हणजे ज्या आगीवर आपण वाइन ओतायला निघालो ती आग वाइनमुळेच भडकते. वर तुरटपणा. मी तीन वेळा प्रयत्न केला, वेगवेगळ्या हॉटेलांत पार्सल घेऊन. तिन्ही वेळा वाइनची चव गेली आणि सावजीचीही. सावजीला पाणी, लंबी रोटी आणि धीर लागतो.

मग काय? कमी तिखट, जास्त भाजलेलं, थोडं चरबीचं. मटणाची चाप तव्यावर मिरपूड-मीठ लावून. शीग कबाब, हिरवी चटणी बाजूला सारून. घरचं सुकं मटण, तिखट निम्मं करून, काळा मसाला आणि खोबरं भाजून. पिंपातलं खोबरं आणि कढईतलं खोबरं एकमेकांना ओळखतात. शाकाहारी असाल तर भरली वांगी, शेंगदाण्या-तिळाची, किंवा चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची अगदी जपून. पाटवडी रश्शाशिवाय, नुसती, वरून जवसाचं तेल: हा माझा शोध आहे आणि मी त्यावर ठाम आहे. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, मात्र फसते. ओल्या सांबाराचा हिरवा वास शिराझला मानवत नाही.

शेवटी संत्रा बर्फी आणू नका. गोडावर ही वाइन आंबट-कडू लागते. बर्फी चहाबरोबर खा.

किती

दोन पेल्यांनी काय होतं, असं म्हणणाऱ्यासाठी आकडा देतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज आणि १४.५ टक्क्यांच्या वाइनचे १८० मिली, म्हणजे एक क्वार्टरभर वाइन, यांत अल्कोहोल सारखाच: साधारण २६ मिली. पूर्ण बाटली म्हणजे चार लार्जहून थोडं जास्त. चौघांत एक बाटली हे प्रमाण बरोबर आहे, आणि दर पेल्यामागे तेवढंच पाणी. मेमध्ये दुप्पट. घरी परत जायला कॅब.

उरली तर

झाकण घट्ट लावा, बूच असेल तर ओली बाजूच परत आत जाऊ द्या, आणि फ्रिजच्या दारात उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी ही वाइन पुष्कळदा आदल्या दिवसापेक्षा बरी लागते. तिसऱ्या दिवशी चालते. चौथ्या दिवशी मी ती मटणाच्या मॅरिनेशनमध्ये घालतो. बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि घरच्यांना सांगून ठेवा; आमच्याकडे एकदा ती कोकम सरबत समजून पाहुण्यांच्या पेल्यात साखर-जिऱ्यासकट ओतली गेली होती.